२५ मेमो आणि एक वाक्य

जून ते नोव्हेंबर २००६ या काळात औरंगाबादच्या (आताचे छत्रपती संभाजीनगर) एका खासगी प्राथमिक शाळेतल्या शिक्षिकेला व्यवस्थापनाकडून तब्बल २५ मेमो, म्हणजे चुकांचा जाब विचारणारी पत्रे, मिळाले. म्हणजे साधारण आठवड्याला एक. बाईंनी एकेका मेमोला लेखी उत्तर दिले आणि प्रत्येक आरोप नाकारला. १४ नोव्हेंबर २००६ ला त्यांना निलंबित केले गेले आणि १५ जून २००७ ला नोकरीवरून काढले गेले. नोकरी आणि पगार परत मिळवण्यासाठी त्यांना शाळा न्यायाधिकरण, मुंबई उच्च न्यायालय आणि शेवटी सर्वोच्च न्यायालय असा प्रवास करावा लागला. १२ ऑगस्ट २०१३ रोजी न्या. जी. एस. सिंघवी आणि न्या. व्ही. गोपाळ गौडा यांनी अंतिम निकाल दिला. निलंबनाच्या तारखेपासून मोजले तर पावणेसात वर्षे.

आज बडतर्फ कर्मचाऱ्याच्या मागील वेतनाचा, म्हणजे कामाबाहेर ठेवलेल्या काळात बुडालेल्या पगाराचा, विषय निघाला की कामगार न्यायालयापासून दिल्लीपर्यंत वकील हाच निकाल पुढे ठेवतात. तो त्या बाईंच्या नावानेच ओळखला जातो. पण त्या सार्वजनिक जीवनातल्या व्यक्ती नाहीत, म्हणून मी इथे त्यांना शिक्षिकाच म्हणतो.

काढून टाकलेला माणूस वकिलाला विचारतो, "परत घेतील का?" आणि घरी बायको किंवा नवरा विचारतो, "तोवर घर कसं चालवायचं?" आपल्याकडे पहिल्या प्रश्नावर भरपूर बोलले जाते. हे प्रकरण दुसऱ्या प्रश्नाचे आहे, आणि माझ्या मते खरी लढाई तिथेच हरली किंवा जिंकली जाते.

मेमोंचा मारा

खासगी शाळांतले मेमो कशाबद्दल असतात हे शिक्षकांना सांगायला नको. टाचणवही अपुरी, हजेरीपटावर खाडाखोड, पालकसभेला उशीर, मुख्याध्यापकांशी उद्धट वर्तन. एकेकटा मेमो किरकोळ वाटतो. दहा-बारा साठले की त्यांची फाईल होते, आणि मग "वारंवार समज देऊनही सुधारणा नाही" असे एक वाक्य त्या फाईलवर बसते.

या शिक्षिकेने केलेली सर्वांत शहाणपणाची गोष्ट म्हणजे त्यांनी एकही मेमो अनुत्तरित ठेवला नाही. वैतागून, किंवा "कशाला वाद वाढवायचा" म्हणून, बहुतेक लोक तिसऱ्या-चौथ्या मेमोनंतर उत्तर देणे सोडतात. चौकशीत मात्र गप्प बसण्याचा अर्थ कबुली असाच लावला जातो. उत्तर दोन ओळींचे असले तरी चालते, पण ते तारखेसह द्यावे, आवक-जावक नोंदवहीत त्याची नोंद करून घ्यावी आणि दुय्यम प्रतीवर पोच घ्यावी. पोच द्यायला नकार मिळाला तर त्याच दिवशी रजिस्टर पोस्टाने पाठवावे. पुढे न्यायाधिकरणाने हे आरोप फुटकळ ठरवले. त्या निष्कर्षापर्यंत जायला आरोपांबरोबर त्यांची उत्तरेही कागदावर असावी लागतात.

निलंबन झाल्यावर सहाच दिवसांत, २० नोव्हेंबर २००६ रोजी, महापालिकेच्या शिक्षणाधिकाऱ्यांनी व्यवस्थापनाला पत्र लिहिले. निलंबनाला मान्यता नाही, शिक्षिकेला कामावर हजर करून घ्या, असा त्याचा आशय होता. व्यवस्थापनाने ते पत्र अमलात आणले नाही. या प्रकरणात मला सगळ्यात जास्त टोचते ती ही गोष्ट. ज्या अधिकाऱ्याकडे देखरेखीचे काम होते, त्याने वेळेवर आणि योग्य भूमिका घेतली होती. त्या पत्राची तेव्हाच अंमलबजावणी झाली असती तर पुढची पावणेसात वर्षे टळली असती. तरीही ते पत्र वाया गेले असे मी म्हणणार नाही. व्यवस्थापनाचे निलंबन सक्षम अधिकाऱ्यालाही पटले नव्हते, याचा पुरावा म्हणून ते शेवटपर्यंत फाईलमध्ये राहिले. निलंबन होताच शिक्षणाधिकाऱ्यांकडे तक्रारअर्ज द्यावा, असे मी सांगतो ते याचसाठी.

निर्वाह भत्ता

निलंबित माणूस नोकरीतच असतो. त्याला काम दिले जात नाही, दुसरीकडे काम करायची मोकळीक नसते, आणि तरी घरभाडे, किराणा, मुलांची फी चालूच असते. म्हणून निर्वाह भत्ता. महाराष्ट्रातल्या खासगी शाळांना १९७७ चा सेवाशर्ती विनियमन अधिनियम आणि त्याखालची १९८१ ची नियमावली लागू आहे. या नियमावलीत सुरुवातीचा भत्ता अर्धपगारी रजेच्या वेतनाइतका धरला आहे आणि त्यावर महागाई भत्ता असतो. पूर्वपरवानगी न घेता निलंबन केले, तर पहिल्या दिवसापासून चौकशी संपेपर्यंत हा भत्ता व्यवस्थापनाने स्वतःच्या खिशातून द्यायचा असतो. याचा अर्थ नियम करणाऱ्यांना व्यवस्थापनाची घाई ठाऊक होती आणि त्यांनी तिची किंमत ठरवून ठेवली होती.

या शिक्षिकेला हा भत्ता मिळाला नाही. त्यासाठी त्यांना चौकशी चालू असतानाच उच्च न्यायालयात रिट अर्ज करावा लागला.

भत्ता अडवणे ही किरकोळ प्रशासकीय दिरंगाई आहे असे मानण्याची आपल्याला सवय लागली आहे. कायदा तसे मानत नाही. १९७३ मध्ये मध्य प्रदेशातल्या एका सरकारी कर्मचाऱ्याची बडतर्फी सर्वोच्च न्यायालयाने याच कारणावरून रद्द केली. भत्ता न मिळाल्याने चौकशीच्या गावी जायला त्याच्याजवळ पैसेच नव्हते, आणि जो हजर राहू शकत नाही त्याला बाजू मांडायची वाजवी संधी दिली असे म्हणता येत नाही. १९८३ चा निकाल तर आपल्याच राज्यातला आहे. मुंबई नागरी सेवा नियमांत एक तरतूद अशी होती की फौजदारी खटल्यात शिक्षा झाली, आणि त्याविरुद्धचे अपील अजून चालू असले, तरी निलंबित कर्मचाऱ्याचा भत्ता महिना १ रुपयावर आणायचा. सर्वोच्च न्यायालयाने ती तरतूद घटनाबाह्य ठरवली. १९९९ मध्ये, कर्नाटकातल्या सोन्याच्या खाणीतल्या सुरक्षा अधिकाऱ्याच्या प्रकरणात, न्यायालयाने भत्ता नाकारण्याचा संबंध थेट जगण्याच्या हक्काशी, म्हणजे घटनेच्या कलम २१ शी जोडला.

म्हणून भत्ता थकला की पहिल्याच महिन्यात लेखी मागणी करावी. "भत्ता न मिळाल्याने मला चौकशीला येणे, साक्षीदार आणणे, कागदांच्या प्रती काढणे परवडत नाही" असे स्पष्ट लिहावे. नंतर बडतर्फीला आव्हान देताना हा अर्ज कामाला येतो. मागणीच केली नव्हती असे व्यवस्थापनाला म्हणता येऊ नये.

चौकशी आणि बडतर्फी

नियमावलीप्रमाणे शिक्षकाची चौकशी समिती तिघांची असते: एक व्यवस्थापनाचा सदस्य, एक कर्मचाऱ्याने स्वतः नेमलेला कोणत्याही खासगी शाळेतला कर्मचारी, आणि तिसरा राज्य किंवा राष्ट्रीय पुरस्कारप्राप्त शिक्षकांच्या यादीतून घेतलेला. यातला दुसरा सदस्य नेमण्याचा हक्क कित्येक शिक्षक वापरतच नाहीत, कारण पत्रात दिलेली मुदत उलटून गेलेली असते किंवा "कोण येणार आपल्यासाठी" असा संकोच असतो. आपल्या बाजूचा एक माणूस समितीत असला की निदान काय विचारले आणि काय टाळले याला साक्षीदार राहतो.

इथे व्यवस्थापनाने नेमलेल्या समितीने चौकशी एकतर्फी केली, आरोप सिद्ध झाल्याचा अहवाल दिला, व्यवस्थापनाने तो स्वीकारला आणि बडतर्फीचा आदेश काढला.

दाद कुठे मागायची

शिक्षक कामगार न्यायालयात जाऊ शकत नाही. १९८८ मध्ये गोव्यातल्या एका शिक्षिकेच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ठरवले की शाळा हा 'उद्योग' असला तरी शिक्षक तेव्हाच्या औद्योगिक विवाद कायद्याच्या व्याख्येतला 'कामगार' नाही. चुकीच्या दारात वर्षे घालवलेले लोक मी पाहिले आहेत. महाराष्ट्रातल्या खासगी शाळेच्या कायम कर्मचाऱ्यासाठी वाट एकच आहे: १९७७ च्या अधिनियमाच्या कलम ९ खाली शाळा न्यायाधिकरणात अपील, आदेश हातात पडल्यापासून ३० दिवसांत. उशीर माफ होऊ शकतो, पण त्यासाठी कारण पटवावे लागते. कारखान्यातल्या कामगाराने १९७१ च्या अनुचित कामगार प्रथा कायद्याखाली तक्रार करायची असेल, तर त्याला ९० दिवस मिळतात. आपण नेमके कोणत्या कायद्याखाली येतो हे पहिल्या आठवड्यातच विचारून घ्यावे. संस्थेचे पदाधिकारी "अध्यक्षांशी बोलतो, थोडं थांबा" म्हणतात तेव्हाही हे दिवस चालूच असतात.

या शिक्षिकेचे अपील २० जून २००९ रोजी मंजूर झाले. न्यायाधिकरणाने निलंबन आणि बडतर्फी या दोन्ही कृती मनमानी ठरवल्या. नैसर्गिक न्यायाची तत्त्वे, म्हणजे बाजू मांडायची वाजवी संधी देणे वगैरे, पाळली गेली नव्हती, असे म्हटले. आणि कामावर परत घेण्याबरोबर पूर्ण मागील वेतन देण्याचा आदेश दिला. ते वेतन ज्या नोंदीवर उभे राहिले ती अगदी साधी होती. शिक्षिकेच्या वतीने सांगितले गेले होते की बडतर्फीनंतर त्या कुठेही पगारी नोकरीत नाहीत. व्यवस्थापनाने ते खोडून काढले नव्हते.

व्यवस्थापन उच्च न्यायालयात गेले. २८ सप्टेंबर २०११ ला तिथे अर्धा निकाल टिकला आणि अर्धा गेला. बडतर्फी बेकायदा होती हे न्यायालयाला मान्य झाले, पण मागील वेतनाचा भाग रद्द झाला. कारण असे दिले की मधल्या काळात आपण बेरोजगार होतो हे शिक्षिकेने सिद्ध केलेले नाही.

"नाही" कसे सिद्ध करायचे?

हा प्रश्न नीट समजून घेण्यासारखा आहे. मी कामाला होतो हे सिद्ध करता येते. पगारपत्रक असते, हजेरी असते, भविष्य निर्वाह निधीचा खाते क्रमांक असतो. मी कुठेच कामाला नव्हतो हे कोणत्या कागदाने दाखवायचे? गावातल्या प्रत्येक शाळेकडून "या आमच्याकडे नव्हत्या" असा दाखला आणायचा का? सर्वोच्च न्यायालयाने इथेच उच्च न्यायालयाची चूक दाखवली. एखादी गोष्ट अस्तित्वात आहे असे जो म्हणतो, त्याने ती सिद्ध करायची असते. कर्मचाऱ्याने आपण पगारी कामात नव्हतो, किंवा कमी पगारावर होतो, असे म्हणणे मांडायचे, निदान पहिल्या न्यायालयापुढे तसे निवेदन करायचे. ते एकदा झाले की भार मालकावर जातो. तो कर्मचारी अमुक ठिकाणी तितक्याच पगारावर काम करत होता हे मालकाने मांडायचे आणि पुराव्याने दाखवायचे. या खटल्यात व्यवस्थापनाने तसे काहीच केले नव्हते.

त्याआधीची वर्षे गोंधळाची होती. १९७९ च्या हिंदुस्तान टिन वर्क्स प्रकरणात तीन न्यायमूर्तींनी सांगितले होते की बेकायदा काढलेल्याला कामावर परत घेताना पूर्ण मागील वेतन हा सर्वसाधारण नियम आहे. त्या कंपनीची आर्थिक अवस्था पाहून त्यांनी ते ७५ टक्क्यांवर आणले. पुढे, विशेषतः २००५ नंतर, दोन न्यायमूर्तींच्या काही निकालांत सूर बदलला आणि भार कर्मचाऱ्याच्या गळ्यात पडू लागला. २०१३ च्या निकालाने १९७९ चा नियम पुन्हा जागेवर आणला. २००७ च्या एका निकालातले मत तीन न्यायमूर्तींच्या जुन्या निर्णयाशी विसंगत आहे, म्हणून ते बरोबर कायदा मानता येत नाही, असे त्यात स्पष्ट लिहिले.

त्या निकालपत्रात एक परिच्छेद कुटुंबावर आहे. नोकरी गेली की उत्पन्नाचा झरा आटतो, मुलांच्या पोषणावर आणि शिक्षणावर घाला येतो, उपासमार टाळण्यासाठी नातेवाईक-ओळखीच्यांकडे हात पसरावे लागतात, असा त्याचा आशय. त्यापुढचा मुद्दा तर्काचा आहे: बडतर्फी बेकायदा ठरूनही मागील वेतन नाकारले, तर शिक्षा कर्मचाऱ्याला होते आणि पैसे न देण्याची सवलत मालकाला मिळते. समजा पगार महिना २०,००० रुपये होता. पावणेसात वर्षांच्या ८१ महिन्यांचे १६ लाख २० हजार होतात. बेकायदा आदेश काढणाऱ्याकडे ही रक्कम राहणार असेल, तर खटला जितका लांबेल तितका त्याचा फायदा. न्यायालयातल्या उशिराचा दंड कर्मचाऱ्याच्या माथी मारता येणार नाही, हेही निकालात आहे. बऱ्याच खटल्यांत दोन्ही बाजू बरोबरीच्या नसतात, मालकाला उत्तम वकील परवडतो आणि कर्मचाऱ्याला नाही, याची जाणीवही न्यायमूर्तींनी नोंदवली.

पूर्ण वेतन यांत्रिकपणे मिळत नाही, हे मात्र ध्यानात ठेवावे. नोकरी किती वर्षांची होती, गैरवर्तन सिद्ध झाले असल्यास ते कोणत्या स्वरूपाचे, मालकाची आर्थिक स्थिती कशी, हे पाहिले जाते. गैरवर्तन सिद्ध झाले पण शिक्षा जास्त वाटली, तर पूर्ण वेतन न देण्याचा विवेकाधिकार न्यायालयाकडे असतो. पण नियम धाब्यावर बसवून, चौकशीचा देखावा करून किंवा सूडबुद्धीने काढले असेल, तर पूर्ण वेतन देणे योग्यच, आणि खालच्या न्यायालयाने ते दिले असेल तर वरच्या न्यायालयाने केवळ वेगळे मत होते म्हणून हात घालू नये.

न्यायाधिकरणाचा आदेश जसाच्या तसा पुन्हा लागू झाला. चार महिन्यांत पूर्ण मागील वेतन द्या, न दिल्यास निलंबनाच्या तारखेपासून द.सा.द.शे. ९ टक्के व्याज, आणि आदेश पाळला नाही तर न्यायालयाच्या अवमानाची कारवाई. व्याज निलंबनाच्या तारखेपासून लावण्याचा अर्थ व्यवस्थापनाला लगेच कळण्यासारखा होता.

पुढे हा निकाल कसा वापरला गेला ते एसटीच्या एका चालकाच्या प्रकरणात दिसते. अपघातानंतर महामंडळाने त्याला बडतर्फ केले होते. अपघातात चूक ट्रकवाल्याची, हे नुकसानभरपाईच्या दाव्यात पुढे आले होते, आणि महामंडळाची तिथली बाजूही चालकाला दोष देणारी नव्हती. खात्याच्या चौकशीत मात्र दोषी चालक. फेब्रुवारी २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याला बडतर्फीपासून निवृत्तीच्या वयापर्यंतचे ७५ टक्के मागील वेतन दिले. तोवर तो निवृत्तीच्या वयाच्या पुढे गेला होता, त्यामुळे कामावर परत घेण्याचा प्रश्नच उरला नव्हता. मिळण्यासारखे राहिले होते ते वेतनच.

ते एक वाक्य

अपिलांचे मसुदे वाचताना मला पुन्हा पुन्हा एकच उणीव दिसते. चौकशी कशी चुकली यावर दहा-बारा पाने असतात, कायद्याची कलमे असतात, शेवटच्या प्रार्थनेत, म्हणजे न्यायालयाकडे केलेल्या मागणीत, "पूर्ण मागील वेतनासह" असेही असते. पण "बडतर्फीच्या तारखेपासून आजपर्यंत मी कोणत्याही पगारी नोकरीत नाही आणि मला उत्पन्नाचे दुसरे साधन नाही" हे वाक्य नसते. वकिलाला ते गृहीत वाटते, अर्जदाराला तर सांगण्यासारखे वाटतच नाही. २०१३ च्या निकालानुसार मालकावर भार टाकणारी कळ हीच आहे.

ते वाक्य खरे असले पाहिजे. घरी शिकवण्या घेत असाल, भावाच्या दुकानात बसत असाल, तर तसे लिहा: काम काय, महिन्याला साधारण किती मिळतात, कधीपासून. कमी पगारावर काम करणाऱ्याचे मागील वेतन निकालाने बुडवलेले नाही, पण लपवलेली कमाई मालकाच्या वकिलाने उलटतपासणीत बाहेर काढली तर आधीच्या पंचवीस खऱ्या उत्तरांवरचाही विश्वास जातो. पगार जमा होत असे त्या बँक खात्याचा उतारा, भविष्य निर्वाह निधीच्या खात्यातली शेवटची नोंद, नोकरीसाठी केलेल्या अर्जांच्या प्रती, उसनवारी घेतली असल्यास त्याचा कागद, हे जपून ठेवा. हे सगळे सिद्ध करायची सक्ती तुमच्यावर नसली तरी खोटा आरोप आला तर उत्तर तयार असते. आणि खटला लांबला तर दर मोठ्या टप्प्यावर, म्हणजे न्यायाधिकरणातून उच्च न्यायालयात जाताना, नवे प्रतिज्ञापत्र द्या, कारण पहिले प्रतिज्ञापत्र त्याच्या तारखेपर्यंतचेच असते.

वकील नेमला नसेल, पैसे नसतील, तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात अर्ज करा. स्त्रियांना तिथे उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. मसुदा हातात आला की सही करण्यापूर्वी ते वाक्य त्यात आहे का ते स्वतः शोधा. नसेल तर सही थांबवा आणि ते घालायला लावा.